मिठाच्या धुक्यात पाचशे तास

सकाळी ६:५०

भोसरी एमआयडीसीला गुरुवारची सुट्टी, त्यामुळे बुधवारी सगळ्यांनाच घाई. आज माल बाहेर पडला नाही तर तो शुक्रवारवर गेला. लॅबच्या दारात दोघेजण पिशवीत पॅनल घेऊन उभे आहेत. नऊ वाजता या, असं सांगितलं तरी हलत नाहीत. "मॅडम, नुसतं आत ठेवून घ्या ना, एंट्री मागाहून करा." मी ठेवून घेत नाही. नोंद न होता आत आलेला नमुना कशात गुंडाळून आला, भिजून आला की कोरडा आला, हे चार महिन्यांनी कोणी विचारलं तर सांगायला कोणी नसतं.

आमचं काम थोडक्यात असं. रंग बनवणारा म्हणतो, माझा माल पर्यावरणाला त्रास देत नाही. विकत घेणारा म्हणतो, नसेल देत, पण टिकेल का? दोघांपैकी कोणाचेही नसलेले आम्ही मधे बसून मोजतो. पैसे मात्र त्या दोघांपैकीच एकजण देतो, आणि या धंद्यातली गोम नेमकी तिथे आहे.

७:००

रात्रपाळीचे काका चेंबरपाशी वहीत आकडे उतरवतायत. "ताई, आज पाचशे भरले."

चेंबर म्हणजे झाकणाची मोठी पेटी. आत ३५ अंश सेल्सिअसला पाच टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं अखंड पडत असतं, आणि खाचांमध्ये रंगवलेले पत्रे किंचित कललेले उभे असतात. ही पद्धत अमेरिकेत १९३९ साली एएसटीएम बी ११७ या नावाने कागदावर आली. आज जगात कुठेही कोटिंगची खरेदी असली, की पहिला प्रश्न तोच येतो: किती तास? पाचशे? हजार? दिसायला अगदी ओबडधोबड चाचणी. पण ती नीट चालवणं हे नाजूक काम आहे, आणि ते नीट चालतंय की नाही हे काकांच्या वहीतल्या दोन रकान्यांवरून कळतं.

पहिला रकाना नरसाळ्यांचा. ८० चौरस सेंटिमीटर तोंडाच्या नरसाळ्यात तासाला एक ते दोन मिलीलिटर धुकं जमलं पाहिजे, म्हणजे चोवीस तासांत २४ ते ४८ मिलीलिटर. कमी पडलं तर कोटिंग उगाच पास होतं, जास्त पडलं तर धुतलं जातं. दुसरा रकाना सामूचा, म्हणजे पीएचचा: ६.५ ते ७.२. पाणी किंचित आम्लाकडे झुकलं की जस्त भराभर खायला लागतं. मीठही किराणा दुकानातलं चालत नाही. त्यातलं आयोडीन नको, तांबं आणि निकेल तर शून्याच्या जवळ हवं. शिवाय चेंबरची स्वतःचीच परीक्षा अधूनमधून घ्यावी लागते. ठरावीक प्रतीच्या पोलादाचे कोरे तुकडे ४८ तास आत ठेवायचे, काढून साफ करायचे आणि वजन करायचं. चौरस मीटरला ७० ग्रॅम, वीस इकडे-तिकडे, एवढंच लोखंड गेलेलं असलं पाहिजे. ग्राहक येतो तेव्हा त्याला झगझगीत काचेचं झाकण दाखवलं जातं. मी त्याच्या जागी असते तर आधी या तुकड्यांची वही मागितली असती.

आज निघणारे पत्रे चाकणच्या एका कारखान्याचे. गाडीच्या खाली लागणारे ब्रॅकेट बनवतात. आत्तापर्यंत थिनरमधला रंग मारत होते, आता तो सोडायचाय, कारण त्यांच्या परदेशी गिऱ्हाइकाने तारीख दिली आहे. समोर तीन पर्याय: पाण्यातला रंग, नेहमीच्या झिंक फॉस्फेटवर पावडर, आणि तीच पावडर, पण खाली फॉस्फेटऐवजी झिरकोनियमची प्रक्रिया. तिसऱ्या पर्यायाचं आकर्षण खरं आहे. फॉस्फेटची टाकी तापवावी लागते आणि तिच्या तळाशी रोज गाळ साठतो, तो घातक कचऱ्यात जातो. झिरकोनियमचं काम साध्या तापमानाला होतं आणि गाळ जवळपास नाहीच.

पॅनल पुरवठादारांनी पाठवलेले नाहीत, ही अट मीच घातली होती. पत्रा एकाच लॉटचा, रंगवला आमच्यासमोर, आणि नंतर प्रत्येकावर फक्त अक्षर. कोणतं अक्षर कोणाचं ते बंद पाकिटात. जुना रंगही त्याच रांगेत उभा केला. नव्या मालाची तुलना नव्याशीच करून काय कळणार? जो सोडायचाय तो शेजारी हवा.

७:३०

पत्रे कोमट पाण्याखाली धरून मीठ उतरवायचं. प्रत्येकावर चाचणीआधी मधोमध एक ओरखडा मारलेला असतो, थेट लोखंडापर्यंत. खरी परीक्षा त्या ओरखड्याची. धड रंगावर पाचशे तासांत फारसं काही होत नाही. गंज ओरखड्यातून आत शिरतो आणि रंगाखालून सरकतो. बोथट पात्याने कडेने खरवडायचं, सुटेल तेवढा रंग सोडवायचा, आणि गंज किती मिलिमीटर आत गेलाय ते मोजायचं. नवा मुलगा खरवडायला लागला की मी त्याच्या हाताकडे बघते. ज्याचा रंग आपल्याला आवडतो, त्याच्यावर पातं आपोआप हलकं चालतं. म्हणून अक्षरं.

खरवडून झाल्यावर पाकीट उघडलं. चौघांत दोन्ही पावडरी पुढे. झिरकोनियमवाली फॉस्फेटवालीच्या मागे नाही, निदान डोळ्यांना फरक दिसत नाही. आकडे दुपारी येतील. पाण्यातला रंग जुन्या रंगाच्या थोडा मागे.

पण पॅनलशेजारी मी खरे ब्रॅकेटही टांगले होते. कारखान्याच्या लायनीतून आलेले, कापलेल्या कडा तशाच ठेवून. पत्र्यावर पुढे असलेली पावडर ब्रॅकेटच्या प्रत्येक धारेवर लाल झाली आहे. कारण सरळ आहे. ओव्हनमध्ये पावडर वितळते तेव्हा पृष्ठताणामुळे ती धारेवरून मागे सरकते आणि धारेवर पापुद्रा उरतो. सपाट पत्र्याला धारच नसते. सपाट पत्र्यावर मिळवलेले हजार तास माहितीपत्रकात छापले जातात, आणि गंज मात्र नेहमी भोकाच्या कडेला, बोल्टच्या खाली, वेल्डिंगच्या कण्यावर धरतो. तपासणीत प्रामाणिकपणा किती आहे हे बरेचदा काय टांगलं यावर ठरतं, किती तास टांगलं यावर नाही.

९:१०

आवक. सकाळचे दोघे पहिले. एकाच्या पॅनलवर रंग ९० मायक्रॉन, आणि त्याच्याच कागदावर ४० ते ६० लिहिलंय. "जाड मारला की चांगलाच ना मॅडम?" जाडी लिहून घेतली. अहवालात निकालाच्या आधी तीच ओळ येईल.

९:४५

आता व्हीओसी. रंगातून हवेत उडून जाणारी सेंद्रिय द्रव्यं. ती सूर्यप्रकाशात नायट्रोजनच्या ऑक्साइडांशी मिळून जमिनीलगत ओझोन तयार करतात. आणि रंगवणाऱ्या माणसाच्या नाकात तर ती सगळ्यात आधी जातात. थिनरवाल्या औद्योगिक रंगात लिटरमागे चारशे ग्रॅमच्या पुढे व्हीओसी असणं अगदी सामान्य. पाण्यातला रंग हा आकडा शंभराच्या आत आणतो, आणि त्याचं मोठेपण मला मान्य आहे. गुंता आकडा काढण्यात आहे.

जुनी पद्धत साधी. ॲल्युमिनियमच्या वाटीत अर्धा ग्रॅम रंग घ्यायचा, ११० अंशांच्या ओव्हनमध्ये तासभर ठेवायचा, वजनात किती घट झाली ते बघायचं. उडालं ते सगळं उडणारं. थिनरच्या रंगाला हे चालतं. पाण्याच्या रंगात उडालेल्यापैकी बहुतेक पाणीच असतं, म्हणून पाणी वेगळं मोजून वजा करायचं. समजा एका रंगातून वजनाने ५२ टक्के उडालं आणि त्यातलं पाणी ४८.५ टक्के. उरलं ३.५ टक्के. पण पाण्याच्या मोजणीत अर्ध्या टक्क्याची चूक झाली, ४९ आलं, तर उरतं ३. मोजणीत अर्धा टक्का म्हणजे काहीच नाही, आणि उत्तर सातव्या हिश्शाने खाली. दोन मोठ्या आकड्यांमधली लहान वजाबाकी अशीच दगा देते. म्हणून कमी व्हीओसीच्या रंगाला आम्ही ओव्हनवर विसंबत नाही. गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये घालून एकेक द्रव्य वेगळं मोजतो. वेळ लागतो, पैसे लागतात, आणि ग्राहक विचारतो की शेजारची लॅब तर निम्म्या दरात करते.

एवढं करून ३.५ टक्के पक्के झाले, तरी लिटरमागे किती ग्रॅम लिहायचे? रंगाची घनता १.२ धरू. एक लिटर रंग म्हणजे १२०० ग्रॅम, त्यात व्हीओसी ४२ ग्रॅम. लिहा ४२. पण अमेरिकेतले अनेक नियम म्हणतात, पाणी सोडून मोजा. पाण्याने तुम्ही रंग वाटेल तितका पातळ करून आकडा खाली आणाल, ते आम्हाला नको. पाण्याव्यतिरिक्त जो रंग उरतो त्याच्या लिटरमागे किती ते सांगा. या लिटरात पाणी ५८२ मिलीलिटर. उरले ४१८. त्यात ४२ ग्रॅम, म्हणजे लिटरमागे शंभर.

डबा तोच, रंग तोच, आकडा ४२ किंवा १००. दोन्ही खरे. युरोपात इमारतींच्या रंगांसाठी २००४च्या निर्देशानुसार वापरायला तयार मालाच्या लिटरमागे मोजतात, पाणी धरून. विक्रेता ४२ सांगतो, त्याचा स्पर्धक त्याच्याबद्दल बोलताना १०० सांगतो, आणि खरेदी विभागातला माणूस दोघांची माहितीपत्रकं शेजारीशेजारी ठेवून तुलना करतो. मी अहवालात दोन्ही आकडे लिहिते, कोणता कशाच्या लिटरमागे ते लिहून. दोन आकडे बघितले की लोक वैतागतात. "एकच द्या ना, फायनल."

११:३०

चहा. टपरीवरच्या गप्पांत आज पावसाने प्लेटिंगवाल्यांचे हाल. आमचेही. पॅनल चाचणीआधी २३ अंशांना आणि ५० टक्के आर्द्रतेला मुरावे लागतात. जुलैत त्या एका खोलीचं वातावरण सांभाळायला एसी आणि डिह्युमिडिफायर दोन्ही घरघरत असतात.

१२:००

सहासंयुजी क्रोमियम. प्लेटिंगच्या धंद्यात सगळे 'हेक्स' म्हणतात. याच्याइतकं गुणी आणि याच्याइतकं वाईट द्रव्य कोटिंगच्या दुनियेत दुसरं नसेल. जस्ताच्या मुलाम्यावर त्याचा पिवळा थर दिला की त्याला ओरखडा गेला तरी थरातलं क्रोमियम ओलाव्यात विरघळून ओरखड्यापर्यंत येतं आणि जखम आपली आपण बुजवतं. आणि तेच माणसात कर्करोग करतं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत ते पहिल्या गटात आहे. युरोपने २००० सालच्या निर्देशाने गाड्यांमधून ते काढायला लावलं, आणि पुणे-चाकण पट्ट्यात बोल्ट-नट बनवणारे बहुतेक जण त्यानंतर त्रिसंयुजी, म्हणजे 'ट्राय' क्रोमकडे वळले.

चाचणी देखणी आहे. ५० चौरस सेंटिमीटर पृष्ठभागाचे बोल्ट आयन-मुक्त पाण्यात दहा मिनिटं उकळायचे. पाण्यात डायफिनाइलकार्बाझाइड घालायचं. हेक्स असेल तर जांभळट गुलाबी रंग चढतो. रंग किती गडद ते ५४० नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजायचं. चौरस सेंटिमीटरला ०.१० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर नाही. ०.१३च्या वर असेल तर आहे. मधला पट्टा अनिश्चित.

आजचे बोल्ट मधल्या पट्ट्यात पडले.

फोनवर प्लेटिंगवाले साहेब भडकले. "आमच्या अख्ख्या शॉपमध्ये हेक्सचा एक थेंब नाही. तुमची टेस्ट चुकली." माझा त्यांच्यावर विश्वास आहे, आणि चाचणीवरही. मी विचारलं, प्लेटिंग कधीचं? मार्चमधलं. माल कुठे होता? पॉलिथिनच्या पिशवीत, पत्र्याच्या शेडखाली. तेव्हा उलगडा होऊ शकतो: ट्राय क्रोमच्या काही थरांत, विशेषतः कोबाल्टवाल्या थरांत, उष्णता आणि दमटपणा मिळाला की साठवणीत अंशमात्र हेक्स तयार होतं. टाकीत नव्हतं, पिशवीत झालं असेल. म्हणून प्रमाण पद्धतीत नमुना ताजा असावा अशी अपेक्षा आहे. ताजा लॉट पाठवा म्हटलं. शिवाय आजच्या अर्कात माहितीतलं हेक्स मुद्दाम मिसळून तेवढंच परत मोजलं जातंय का तेही बघून ठेवलं. पाण्यातलं दुसरं काही रंग दाबत असेल तर त्याने कळतं. आलं, बरोबर तेवढंच.

अहवाल मात्र या बोल्टांचा निघेल, आहे तसा. ताज्या लॉटचा वेगळा.

१:३०

डबा. नवा मुलगा विचारतो, "मॅडम, हे असं तपासून ठरवण्याचं काम सरकारच का करत नाही?" केलं होतं, अमेरिकेत. तिथल्या पर्यावरण संस्थेने १९९५ साली नव्या पर्यावरणीय तंत्रज्ञानाची त्रयस्थ पडताळणी सुरू केली. त्यातला कोटिंगचा विभाग पेनसिल्व्हेनियातल्या जॉन्सटाउनला चालायचा, म्हणजे पोलादाच्याच गावात. तिथे नुसते रंग नाही, फवारणीच्या गनसुद्धा तपासल्या गेल्या. गनमधून निघालेला रंग जॉबवर किती बसला आणि हवेत किती गेला, हाही पर्यावरणाचाच प्रश्न. रंग कितीही हिरवा असो, निम्मा भिंतीवर जात असेल तर काय उपयोग? मला त्या कार्यक्रमातली एक गोष्ट फार आवडते: तिथे कोणाला पास-नापास नव्हतं, शिक्का नव्हता. ठरवलेल्या पद्धतीने मोजलं आणि जे आलं ते प्रसिद्ध केलं. २०१४ मध्ये तो बंद झाला. ती कल्पना मग २०१६ साली आयएसओ १४०३४ या प्रमाणात आली.

आपल्याकडे १९९१ पासून इकोमार्क आहे, मातीच्या मडक्याचं चिन्ह. चिन्ह सुंदर, बाजारात दिसणं दुर्मीळ. २०२४ मध्ये नवे नियम आलेत. मुलाला मडकं कधी पाहिल्याचं आठवत नाही.

२:१५

पाण्यातला रंग बनवणाऱ्या कंपनीचे दोघे भेटायला. चाकणच्या चाचणीत आपला माल मागे पडलाय याचा वास त्यांना कसा लागला ते मी विचारत नाही. मी काही सांगतही नाही, कारण अहवाल ज्याने मागवला त्याचा. पण त्यांचा मुद्दा ऐकण्यासारखा होता.

"मॅडम, सॉल्ट स्प्रे आमच्यासाठी अन्यायाचा आहे. पाचशे तास सलग ओलं. कोणती गाडी अशी राहते? सुकायला वेळच मिळत नाही."

बरोबर आहे. पाण्यातल्या रंगाच्या थरात पाण्याला ओढणारी थोडी द्रव्यं मागे राहतात, आणि सलग ओल त्यांना भोवते. जस्ताच्या कोटिंगांचंही तेच: बाहेर ऊन-पाऊस मिळाला की जस्तावर कार्बोनेटचा घट्ट थर बसतो आणि तो पुढे संरक्षण करतो, चेंबरमध्ये तो बसायला उसंतच नसते. मिठाच्या धुक्याच्या प्रमाणातच लिहिलंय की या निकालाचा बाहेरच्या आयुष्याशी थेट संबंध क्वचितच लागतो. हे वाक्य वाचलेला खरेदी अधिकारी मला अजून भेटायचाय. समुद्रातल्या बांधकामांसाठी जी चक्राकार चाचणी आहे, आयएसओ १२९४४च्या नवव्या भागातली, ती जास्त शहाणी आहे: तीन दिवस अतिनील प्रकाश आणि दव, तीन दिवस मीठ, एक दिवस उणे वीस अंश, असे पंचवीस आठवडे. ४२०० तास. खर्च ऐकला की गिऱ्हाईक पुन्हा सॉल्ट स्प्रेवर येतं.

मी म्हटलं, चक्राकार चाचणी करून घ्या, मला आनंद आहे. तुमचा रंग, आणि शेजारी जुना थिनरवालाही. जुना कशाला, असं त्यांनी विचारलं. तेव्हा मला त्यांच्या मुद्द्यातला जोर थोडा कमी झाल्यासारखा वाटला.

निघताना खरी मागणी आली. जुन्या एका अहवालाच्या शेवटी 'सदर कोटिंग पर्यावरणस्नेही आहे' अशी एक ओळ घालून द्याल का? टेंडरला लागते. नाही घालता येणार. आमची एनएबीएल मान्यता ठरावीक चाचण्यांची आहे, आणि त्या यादीत ही चाचणी नाही, कारण अशी चाचणीच नाही. मी व्हीओसी लिहू शकते. शिसं, क्रोमियम, गंज किती मिलिमीटर सरकला ते लिहू शकते. पावडरीत सॉल्व्हंट नसतो, पण ती शिजवायला जॉब २०० अंशांवर दहा मिनिटं धरावा लागतो आणि त्यासाठी जळणारा गॅस कुठे मोजायचा? कमी व्हीओसीचा रंग तीन वर्षांत सोलून पुन्हा मारावा लागला, तर त्या दोन वेळांची बेरीज कोणी करायची? ही बेरीज करणारे लोक आहेत, जीवनचक्राचा हिशेब मांडणारे, पण त्यांना आकडे लागतात आणि ते इथून जातात. माझ्या ओळीने त्यांचं काम होणार नाही.

"मग शेजारची लॅब देते तशी ओळ." देत असेल.

४:००

पावडर नीट शिजली का ते बघायला एमईके. कापडाचा बोळा या सॉल्व्हंटमध्ये बुडवून घासायचं, जाऊन-येऊन एक घासणी. कच्ची असेल तर रंग बोळ्यावर येतो. सॉल्व्हंट नको म्हणून शोधलेल्या कोटिंगची परीक्षा सॉल्व्हंटनेच होते आणि हेक्स नाही हे सिद्ध करायला आमच्या कपाटात हेक्सचीच बाटली असते. हे सगळं साठून रांजणगावच्या घातक कचरा केंद्राकडे जातं.

मग चिकटपणा. पातळ थरावर मिलिमीटरच्या अंतराने सहा उभे, सहा आडवे काप, वर टेप, आणि पाच मिनिटांच्या आत ती साठ अंशांच्या कोनात एका झटक्यात ओढायची. काही चौकोन निघाले का बघायचं. आयएसओत ० म्हणजे उत्तम आणि ५ म्हणजे वाईट. एएसटीएममध्ये ५बी उत्तम आणि ०बी वाईट. दोन प्रमाणं लिहिणाऱ्यांनी एकमेकांना फोन करायला काय हरकत होती? 'शून्य आलं' म्हणून घाबरलेल्या गिऱ्हाइकांना धीर देणं हा आमच्या कामाचा कायमचा भाग.

५:३०

सह्या. निकाल मर्यादेच्या जवळ असला की पास म्हणायचं का, हा प्रश्न २०१७च्या आयएसओ १७०२५ने आधीच सोडवायला लावलाय: मोजणीत अनिश्चितता किती, आणि काठावर आलं तर काय धरायचं, हे चाचणीपूर्वी ग्राहकाशी ठरवा. आधी ठरवलं की कोणी रडत नाही. निदान कमी रडतात.

आज अडलं ते एका पिवळ्या रंगावर. यंत्रावर मारायचा, झळझळीत. त्यात शिसं निघालं, काही टक्क्यांत. हा पिवळा बहुधा लेड क्रोमेटचा. शिसंही आणि हेक्सही. २०१६च्या केंद्रीय नियमांनी घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाला ९० पीपीएमची मर्यादा घातली. औद्योगिक रंग त्या नियमात नाहीत. त्यामुळे ज्या रंगाचा डबा लहान मुलाच्या खोलीसाठी विकला तर कारवाई होईल, तोच रंग यंत्रावर मारायला कायद्याची आडकाठी नाही, आणि ते यंत्र घासून पुन्हा रंगवणाऱ्या पोराच्या फुप्फुसाला तो फरक कळत नाही. ग्राहक लिहा म्हणतोय, 'नियमानुसार'. मी आकडा लिहिला, पद्धत लिहिली, आणि २०१६च्या नियमाची व्याप्ती काय आहे ते एका ओळीत लिहिलं. ती ओळ तो काढायला सांगेल. ओळ खोटी असती तर काढली असती.

६:४५

उद्या महावितरणचा देखभालीचा खंड, सकाळपासून. चेंबर थांबलं तर थांबलेले तास मोजायचे नाहीत आणि किती थांबलं ते अहवालात येतं, म्हणून काकांनी जनरेटरचं डिझेल तपासलं. डिझेलच्या धुराचा हिशेब कोणत्याच अहवालात नाही, हे नव्या मुलाने बोलून दाखवलं. बोलू दे.

तेवढ्यात चाकणहून फोन. धारांचे फोटो मी दुपारीच पाठवले होते. तिथले प्रॉडक्शनचे साहेब समजूतदार आहेत. फॉस्फेट काढून झिरकोनियम लावायला ते तयार झालेत, पण ब्रॅकेटच्या धारा घासून गोल करायला एक माणूस आणि एक मशीन जास्त लागणार, त्यावर वरून मंजुरी हवी. घासलेले ब्रॅकेट शुक्रवारी पाठवतो म्हणाले.

"पण मॅडम, यावेळी अडीचशे तासांत भागवू या का? एवीतेवी कळतंच."

म्हटलं, न घासलेले पाचशेला तपासलेत, घासलेले अडीचशेला तपासले तर कोण कोणापेक्षा चांगलं ते कसं सांगायचं? न घासलेलेही पुन्हा पाठवा, शेजारी टांगते. तीन आठवडे लागतील. थोडा वेळ गप्प राहून त्यांनी विचारलं, जागा आहे का चेंबरमध्ये. काकांनी वही उलटून खूण केली: चौथी रांग, शुक्रवारी दुपारपासून.